संघ नवा, खेळ जुना

2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली... आणि यू मुंबा हा मुंबईचा व्यावसायिक संघ उभा राहिला. पैसा रॉनी स्क्रूवालांचा होता. पण नुसत्या पैशाने संघ उभा राहतो का? मला नाही वाटत. संघ नवा होता... खेळ जुना होता. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मंडळांच्या मातीत कबड्डीचा दम आधीपासून घुमतच होता. मातीच्या जागी मॅट आली. चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं. पायांत बूट आले! पण बोनस कशाचा, पकड कुणाची... हे इथल्या प्रेक्षकाला शिकवावं लागलं नाही.

कुणी म्हणेल, कर्णधार अनुप कुमार तर हरियाणाचा. मग संघ आपला कसा? प्रश्न रास्त आहे. पण मुंबईत घडलेला चढाईपटू रिशांक देवाडिगाही त्याच संघात होता. शिवाय आपलेपणा जन्मगावावर थोडाच ठरतो? वरळीतला पहिलाच सामना यू मुंबाने जिंकला... जयपूरविरुद्ध. अंतिम सामन्यात त्याच जयपूरने हरवलं. तरी लोक पुन्हा आले. कारण तेच, संघ नवा... खेळ जुना. आणि 2015 साली बंगळुरूला नमवून यू मुंबाने चषक उचलला... तोही मुंबईतच.