तीन महिन्यांचा तक्ता

(वसंत व्याख्यानमालेत कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान)



मी एमबीएच्या वर्गाला नेतृत्व शिकवतो. शिकवतो म्हणजे बहुतेक वेळा स्लाइड दाखवतो. ‘सर्वसमावेशक नेतृत्व’ या धड्याच्या स्लाइडवर निरनिराळ्या रंगांचे हात एकमेकांवर ठेवलेले आहेत. ते हात कुणाचे, हे मला आजवर कळलेलं नाही. कोल्हापूरचे मात्र नक्की नाहीत. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो. मुलं सहानुभूती, संवाद, विश्वास असे मुद्दे घालतात आणि चांगले मार्क घेऊन जातात.

मला हा धडा सापडला तो आपल्याच गावातल्या एका फसलेल्या प्रयोगात. 1896 साली शाहू महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं. दार सगळ्यांना उघडं. पण कारभार एकाच जातीच्या हाती राहिला आणि काही वर्षांत तिथं मुख्यतः त्याच जातीची मुलं दिसू लागली. दार उघडं ठेवलं की सगळे आपोआप आत येतात, हा समज तिथं संपला. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघालं, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. वर्गात कुणीतरी विचारतंच, “सर, जातवार वसतिगृहं म्हणजे समावेश कसा?” प्रश्न रास्त आहे. तो उपाय आज जसाच्या तसा उचलावा असं मीही म्हणणार नाही. पण दुखणं महाराजांनी अचूक ओळखलं होतं. ज्याला गावात राहायला खोली नाही आणि दोन वेळच्या जेवणाची सोय नाही, त्याला कॉलेजचं दार उघडं असून उपयोग काय?

महाराजांचा 26 जुलै 1902 चा ठराव आपल्याला पाठ आहे. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. दरवर्षी भाषणं होतात, हार घातले जातात. त्या ठरावातलं एक कलम मात्र भाषणात येत नाही आणि मला, व्यवस्थापनाच्या मास्तराला, तेच सगळ्यात मोठं वाटतं. प्रत्येक खातेप्रमुखानं या हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारात पाठवायचा. महाराजांना आपले अधिकारी ठाऊक होते. मान डोलावतील आणि फाईल खाली सरकवतील! म्हणून मनं बदलण्याची वाट न बघता त्यांनी हिशेब मागितला.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे सहा-सहा जणांचे गट करून प्रकल्प देतात. गटाच्या बैठका संध्याकाळी सातला, चहाच्या गाड्यावर. भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवरनं येणारी मुलगी त्या बैठकांना कधीच नसायची. गटानं अहवालात ‘सहभाग कमी’ असं लिहिलं आणि मी बिनदिक्कत तिचे मार्क कापले. सेमिस्टर संपताना कळलं, तिची शेवटची एसटी पावणेसहाला सुटते. सहकार्यावर मी दोन महिने बोलत होतो, एसटीची वेळ एकदाही विचारली नव्हती.

त्यानंतर मी शाहूंची नक्कल केली. प्रत्येक गटाकडून तक्ता मागवला: बैठक केव्हा झाली, कोण बोललं, टाईप कुणी केलं, व्यासपीठावर कोण उभं राहिलं. तक्ते आले आणि वर्गाचं चित्र समोर उभं राहिलं. टाईप मुली करत होत्या, बोलत मुलं होती, आणि मराठी माध्यमातनं आलेले दोघे-तिघे फक्त झेरॉक्स काढायला जात होते. यातलं कुणीही दुष्ट नव्हतं. तक्ता मागितला नसता तर ते कुणाला दिसलंही नसतं, मला तर नाहीच.

हाच तक्ता गावात नेऊन बघा. संध्याकाळी कुठल्याही दूध संस्थेत उभे राहा. बाई किटली घेऊन येते, नमुना काढतात, फॅट लागते, पावती हातात पडते. यंत्र जात बघत नाही, बाई-बाप्या बघत नाही. पण दहा दिवसांचं बिल पुष्कळदा तिच्या नवऱ्याच्या खात्यावर जमा होतं, कारण सभासद तो. धार तिनं काढायची, वार्षिक सभेत हात त्यानं वर करायचा. आज सहकार कायद्यानं संचालक मंडळात बायकांना दोन जागा राखून ठेवल्या आहेत. त्या जागांवर बसलेल्या बाईसमोर अजेंडा सभेआधी पोचतो का, की ठराव झाल्यावर सहीपुरतं पुस्तक घरी येतं, हे शोधायला मी दरवर्षी विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवतो. मुलं कंटाळतात. हार्वर्डची केस द्या म्हणतात. देतो तीही, पण आधी गावची.

आमच्या गटांच्या बैठका आता दुपारी दीडला, डबा खाताना होतात. शहरातली मुलं कुरकुरतात. त्या वाडीची गाडी अजूनही पावणेसहालाच सुटते.