बांधावरून आलेलं इंटरनेट

इंग्लंडमधल्या लँकशायरचं ल्यून खोरं. घरं विरळ, शेतं मोठी. तिथं इंटरनेटची फायबर केबल टाकणं बड्या कंपन्यांना परवडेना. मग 2011 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःचीच संस्था काढली, तिचं नाव ‘बार्न’. लोकांनी शेअर घेऊन भांडवल उभं केलं.

त्यांच्या आखणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. केबल रस्त्याकडेनं न नेता शेतांतून न्यायची. डांबर फोडून पुन्हा बुजवणं महागात पडतं. मऊ मातीत चर पटकन निघतो. पण त्यासाठी बांधाबांधावर जाऊन परवानगी मागावी लागते. शेतकऱ्यांनी ती दिली, जागेचं भाडं न घेता. कित्येकांनी चरही खणले. चरात आधी प्लॅस्टिकची पोकळ नळी पुरायची, माती लोटायची आणि मग दाबलेल्या हवेच्या जोरावर काचतंतूंची बारीक केबल त्या नळीतून पुढे सरकवायची.

घराघरांत सेकंदाला 1000 मेगाबिट वेग पोहोचला, डाउनलोडला तसाच अपलोडलाही. आपल्याकडे भारतनेट या सरकारी योजनेत इंटरनेटची केबल ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची आहे. तिथून वाड्यावस्त्यांपर्यंत अशीच शेतांतून केबल नेण्याचा नकाशा ग्रामसभेत बसून काढता येईल. कुठल्या शेतात खडक लागतो, ओढा कुठून फुटतो, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं.