शब्दतक्ता आणि बालकाचे पहिले लेखन



दुसरीच्या वर्गातील एखादी मुलगी सकाळी धावतच शाळेत येते. रात्री घरच्या शेळीला दोन करडे झालेली असतात आणि ती वार्ता सर्वांना सांगितल्यावाचून तिला राहवत नाही. थोड्या वेळाने गुरुजी पाटीवर चार ओळी लिहावयास सांगतात. तेव्हा ती लिहिते, ‘शेळी पाळीव प्राणी आहे.’ करडांविषयी एक अक्षरही नाही! सांगण्यासारखे तिच्यापाशी पुष्कळ होते. परंतु ‘आमच्या’ मधील ‘च्या’ आणि ‘रात्री’ मधील ‘त्री’ कशी काढावी हे तिला ठाऊक नव्हते. चुकण्यापेक्षा न लिहिणे तिला बरे वाटले.

पुष्कळ ठिकाणी अक्षरओळखीचा रूढ क्रम असा की, आधी ‘घर’, ‘कमळ’ असे सोपे शब्द, मग काना-मात्रा व शेवटी जोडाक्षरे. वाचनासाठी हा क्रम सोयीचा असेल. पण बालकाचे बोलणे त्या क्रमाने चालत नाही. माझ्या, आमच्या, त्याने, म्हणून, जेव्हा, उद्या या शब्दांवाचून त्याचे एक वाक्यही धड पुरे होत नाही. म्हणून असे शब्द जोडाक्षरांच्या पाठाची वाट न पाहता भिंतीवरील तक्त्यात त्याच्या दृष्टीसमोर असावेत.

अमेरिकेत एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली वारंवार येणाऱ्या २२० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत नामे वगळली होती. कारण नामे विषयागणिक बदलतात, वाक्य जोडणारे शब्द मात्र सर्वत्र तेच असतात. हे तत्त्व आपणही घ्यावे. यादीची नक्कल मात्र करू नये. इंग्रजीत उच्चार एक व लेखन दुसरे, अशी अडचण फार. मराठीची अडचण जोडाक्षरांत आणि शब्दाच्या बदलत्या रूपांत आहे. फूल–फुलाला, दूध–दुधात, विहीर–विहिरीवर असे शब्द जोडीनेच मांडावेत. ‘पाणी’ दीर्घ व ‘आणि’ ऱ्हस्व, हे शेजारी शेजारी लिहिले म्हणजे निराळा नियम सांगावा लागत नाही.

तक्ता वीस-पंचवीस शब्दांहून मोठा नसावा. अक्षर ठळक असावे आणि तक्ता मुलांच्या नजरेच्या उंचीवर टांगावा. आठवड्यास चार-पाच नवे शब्द घालावेत. जे शब्द मुले न पाहता लिहू लागतील ते काढून घ्यावेत. खाली थोडी जागा मुलांनी मागितलेल्या शब्दांसाठी राखावी. तेथे ‘करडू’ येईल, ‘खुरपे’ येईल, घरच्या बोलीतील एखादा शब्दही येईल. त्याला हसू नये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. तक्त्यातील शब्द दहा-दहा वेळा गिरविण्याची शिक्षा करू नये. तसे केले म्हणजे आधाराची काठी छडी होते. मुलाने आधी मनातले लिहावे, अडले तर तक्त्याकडे पाहावे, मग पुढे जावे. शिक्षकांनीही प्रथम मजकूर वाचावा, करडांची चौकशी करावी आणि नंतर एक-दोन शब्द तेवढे सुधारून द्यावेत.

शुद्धलेखन हवेच; परंतु लेखनच झाले नाही तर शुद्ध तरी काय करावयाचे? त्या मुलीच्या पाटीवर ‘आमच्या शेळीला रात्री दोन करडे झाली’ हे वाक्य ज्या दिवशी उमटेल, त्या दिवशी तक्त्याचे काम झाले असे समजावे.