उंदराचे नाक आणि वेळेचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने उंदराच्या नाकावर व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याला बोलून सांगता येत नाही त्याच्याकडून खरे उत्तर कसे मिळवावे, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे तसा आमचाही आहे.

प्रथम नाकाची रचना पाहू. १९९१ साली अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी वासाच्या ग्राहकांची जनुके शोधून काढली. त्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उंदराजवळ असे ग्राहक सुमारे एक हजार प्रकारचे आहेत, माणसाजवळ सुमारे चारशे. एका वासाने अनेक ग्राहक जागे होतात, आणि कोणकोणते जागे झाले यावरून मेंदू वास ओळखतो. मग दोन वास जवळजवळ सारखे असले, तर निवाड्याला जास्त वेळ लागतो काय?

हे उंदराला विचारण्याची रीत अशी. त्याला पाणी बेताचेच देतात. तो एका छिद्रात तोंड घालतो, तिथे वासाची झुळूक येते. एका वासाला नळी चाटली की पाण्याचा थेंब मिळतो, दुसऱ्याला चाटून काहीच मिळत नाही. शेकडो फेऱ्यांनंतर तो फुकटचे चाटणे सोडतो आणि डोके लवकर मागे घेतो. दोन वासांना त्याचे वागणे ज्या क्षणी वेगळे होते, तो निवाड्याचा क्षण. तहानलेल्याकडून काम करून घेण्याची ही रीत आम्हां कामगारांना नवी नाही, हेही इथे सांगून टाकतो.

२००३ साली उचिदा आणि मेनेन यांनी मोठ्या जातीच्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, प्रयोग करून सांगितले की एक हुंगणे पुरते. वास कितीही सारखे असोत, अधिक वेळ घेऊन लाभ नाही. २००४ साली जर्मनीतील हायडेलबर्गहून निराळे उत्तर आले. तिथल्या लहान उंदरांनी साधे वास सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ओळखले. पण केळ्यासारख्या आणि अननसासारख्या वासाच्या द्रव्यांची जवळजवळ सारखी मिश्रणे पुढे येताच त्यांनी ७० ते १०० मिलिसेकंद अधिक घेतले, आणि अचूकपणा मात्र ढळू दिला नाही. त्या प्रयोगांतले निक्सन अब्राहम पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत आले आणि तेच संशोधन त्यांनी इथे चालू ठेवले. २००६ साली रिनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना अधिक वेळ हुंगायला लावले, तेव्हा कठीण मिश्रणांत त्यांची उत्तरे सुधारली.

म्हणजे एकाच नाकाची चाचणी, पण वेळ किती दिला यावर तिचा निकाल बदलतो. घाईत उत्तर चुकले म्हणून नाकच अधू ठरवणे, हा न्याय नव्हे.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे आम्ही जाणतो. उंदराच्या प्रयोगावरून कारखान्याचे कायदे लिहावेत असेही आमचे म्हणणे नाही. परंतु घड्याळ हाती धरून कोणी तुमच्या शेजारच्या माणसावर ‘नालायक’ असा शिक्का मारू लागला, तर त्याला एवढे जरूर विचारा: काम किती बारीक होते, आणि त्याला वेळ किती दिला होता?