पायातली गुठळी
(मालगुंड येथे साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आम्ही पस्तीस वर्षे मुलांना धडे दिले. पण आमच्याच पायाने आम्हाला दोन धडे दिले. ते तुम्हाला फुकट मिळावेत, म्हणून आज बोलतो आहोत.

नोकरी संपली. शाळेत जाणे-येणे थांबले. सकाळी ओटीवर वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा ओटी. भात पूर्वीइतकाच, गोड मात्र वाढले. उंची 5 फूट 5 इंच नि वजन 88 किलो! लोक म्हणत, "गुरुजींना पेन्शन मानवली." आम्हालाही बरे वाटे.

मग एकदा मुंबईला गेलो. येताना रात्रभर बसमध्ये बसून आलो. दोन दिवसांनी डावी पोटरी सुजली. एकाच पायाला सूज, हात लावावा तर गरम, चालताना कळ. शेजारी म्हणाले, "शीर आखडली असेल. तेल लावून चोळा." बरे झाले, चोळले नाही! डॉक्टरांनी पायाची सोनोग्राफी करवली. म्हणाले, "गुरुजी, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे."

गुठळी कशी होते? आगरातला पाट आठवा. पाणी वाहते असले की पाट मोकळा. पाणी संथ झाले की शेवाळ धरते, पाला अडकतो, पाट तुंबतो. रक्ताचेही काहीसे तसेच. पायात उतरलेले रक्त पुन्हा हृदयाकडे चढवायला पोटरी मदत करते. आपण चालतो तेव्हा पोटरी शिरा दाबते नि रक्त वर ढकलते. शिरेतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. माणूस बसून राहिला की रक्त संथ होते. मग ते गोठू शकते.

आता वजनाचा काय संबंध? पोटाची चरबी पोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देते. पायातले रक्त वर यायला अडते. शिवाय चरबीमुळे रक्त गोठण्याचा गुणही वाढतो. म्हणून लठ्ठ माणसाला अशी गुठळी होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो.

पायातली गुठळी पायातच राहिली तर एक वेळ ठीक. पण तिचा तुकडा सुटला, तर तो रक्ताबरोबर हृदयात नि तिथून फुप्फुसात जातो. मग श्वास कोंडतो. माणूस दगावतोही. जर्मनीतले डॉक्टर रुडॉल्फ विर्खो यांनी एकोणिसाव्या शतकात हे दाखवून दिले. 13 ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस. जगभर तो याच दुखण्याची माहिती देण्यासाठी पाळतात.

डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "निदान तीन महिने चुकवू नका. आणि वजन उतरवा." आम्ही काय केले? दीड महिन्यात सूज गेली. आम्ही स्वतःच गोळ्या थांबवल्या. वजन तर दोन किलो वाढले! शहाणपण सारे इतरांना शिकवण्यापुरते.

आठ महिन्यांनी एका सकाळी पाखाडी चढताना एकाएकी धाप लागली. छातीत कळ आली. घरच्यांनी 108 नंबर फिरवला, म्हणून आज तुमच्यापुढे उभे आहोत. गुठळी पुन्हा झाली होती. या वेळी ती फुप्फुसात गेली होती.

हे दुखणे परत येणारे आहे. उघड कारण नसताना गुठळी झालेली 100 माणसे घ्या. गोळ्या थांबवल्यावर पहिल्या वर्षात त्यांतल्या सुमारे 10 जणांना ती पुन्हा होते. पाच वर्षांत सुमारे 25 जणांना. वजन फार असले की हा धोका आणखी वाढतो.

मग करावे काय? कंबर मोजा. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत असावी, बाईची 80 च्या आत. आमच्या उंचीच्या माणसाचे वजन 68 किलोला पोचले की आपल्याकडचे डॉक्टर त्याला लठ्ठ म्हणतात. भात एक वाढणी कमी करा. कुळथाचे पिठले, भाजी, कालवण खा. तळलेले नि गोड सणापुरते ठेवा. रोज अर्धा तास तरी चाला. लांबच्या प्रवासात मधूनमधून उठा. उठता आले नाही तर बसल्या जागी पावले वरखाली करा. शस्त्रक्रियेनंतर, हाड मोडल्यावर नि बाळंतपणानंतर सहा आठवडे विशेष जपा. डॉक्टर म्हणतील तेव्हा हिंडू-फिरू लागा.

एकच पाय सुजला, दुखला, तर चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त पडले, तर 108 ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तिच्यासोबत अंगदुखीची गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तस्राव होऊ शकतो.

आज आमचे वजन 76 किलो आहे. अजून उतरवायचे आहे. रोज सकाळी समुद्रावर जातो, येताना केशवसुतांच्या स्मारकावरून येतो. गोळी मात्र चालूच आहे. वजन उतरले म्हणून गोळी सुटली, असे नव्हे. ते डॉक्टरांनी ठरवायचे.

उद्या पहाटे आम्ही निघू, तेव्हा कोण बरोबर येणार? हात वर करा पाहू!