पृथ्वीचा पूर्वेतिहास आणि आजची उष्णता

पृथ्वी तापत चालली आहे असें कोणी म्हटलें कीं एक ठराविक उत्तर ऐकूं येतें: “हवामान पूर्वींहि बदलत होतें. तेव्हां कोठें होत्या गिरण्या आणि मोटारी?” श्रोत्यांपैकीं अनेकांनीं तें दिलेंहि असेल. असें बोलणारा मनुष्य खोटें बोलत नाहीं, हें आधीं मान्य केलें पाहिजे. सुमारें २० हजार वर्षांपूर्वीं कॅनडा व उत्तर युरोप यांवर बर्फाचे थर पसरले होते, ते कित्येक ठिकाणीं मैलाहून अधिक जाड होते. आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें ४०० फूट खालीं होती. प्रश्न एवढाच कीं, त्यावरून निर्धास्त राहावें हें अनुमान निघतें काय? दुर्गादेवीच्या दुष्काळांतून महाराष्ट्र निभावला, यास्तव दुष्काळाची धास्ती नको, असें कोणी सुज्ञ म्हणत नाहीं.

मौज अशी कीं, उष्णतावाढीच्या शास्त्राचा उगमच मुळीं या पूर्वेतिहासाच्या कोड्यांत आहे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ स्वान्टे आर्‍हेनियस हा हिमयुगांचें कारण शोधीत होता. त्या शोधांत त्यानें १८९६ सालीं गणित मांडलें कीं, हवेंतील कार्बन-डाय-ऑक्साइड ऊर्फ कर्बवायु दुप्पट झाल्यास पृथ्वी पांच-सहा अंशांनीं तापेल. आजचा अंदाज अडीच ते चार अंशांचा आहे. म्हणजे त्याचा आंकडा चढा निघाला, दिशा मात्र अचूक. ज्याला बचावाचा साक्षीदार म्हणून पुढें करतात तो मूळचा फिर्यादीकडचा आहे.

हिमयुगांचें येणें-जाणें पृथ्वीच्या कक्षेंत व अक्षाच्या कलांत होणाऱ्या संथ फरकांवर अवलंबून असतें. शेवटचें हिमयुग सरतांना पृथ्वी सुमारें ५ अंशांनीं तापली, पण त्यास जवळजवळ १० हजार वर्षें लागलीं. एका अंशास दोन हजार वर्षें. उलट, १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीशीं ताडून पाहतां २०११ ते २०२० या दशकांत ती १.१ अंशानें अधिक उष्ण भरली. दोन हजार वर्षांचें काम दीडशें वर्षांच्या आंत उरकलें! शिवाय, समुद्र ४०० फूट चढत असतां त्याच्या कांठीं मुंबई नव्हती कीं कलकत्ता नव्हतें. त्या काळचीं माणसें बिऱ्हाड उचलून वर सरकलीं असतील. गोद्या, आगगाडीचे रूळ आणि चाळी अशा उचलून नेतां येत नाहींत.

सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं ग्रीनलंडचें उष्णतामान कांहीं दशकांतच झपाट्यानें चढलें होतें, असा एक आक्षेप येतो. तो खरा आहे. पण ती उडी मुख्यतः उत्तर अटलांटिकच्या परिसरापुरती होती. आणि हवामान असें एकाएकीं उसळूं शकतें ही माहिती धीर देणारी कशी, हें कळणें कठीण.

आजच्या स्थितीशीं अधिक जुळणारा प्रसंग सुमारें ५ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा आहे. सह्याद्रीचे काळे कडे ज्या लाव्हारसाचे, तो त्याच्या आधीं एक कोटि वर्षें थिजून गेला होता. त्या वेळीं हवेंत व समुद्रांत कर्बाचा प्रचंड लोट मिसळला आणि कांहीं हजार वर्षांत पृथ्वी ५ ते ६ अंशांनीं तापली. २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं आफ्रिकेच्या नैर्ऋत्येस समुद्राच्या तळाला छिद्रें पाडून तेथील गाळाचे लांब स्तंभ वर काढले. सूक्ष्म जीवांच्या कवचांचा तो पांढुरका गाळ, आणि मध्येंच तांबूस मातीचा एक पट्टा! कर्बवायु मुरून समुद्राची आम्लता वाढली, कवचांचा चुना विरघळून गेला आणि उरली ती नुसती माती. खोल तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा नांवाच्या सूक्ष्म जीवांच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जाती तेव्हां नष्ट झाल्या.

जमिनीवर मात्र तसा संहार झाला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत सांपडलेल्या जीवाश्मांवरून दिसतें कीं, तेथला आद्य घोडा, जो आधींच मांजराएवढा होता, तो आणखी सुमारें ३० टक्क्यांनीं लहान झाला आणि पुढें थंडावा येतांच पुन्हा वाढला. मग जीवसृष्टि तरली ना, असें कोणी विचारील. तरली. पण त्या वेळीं वर्षाला फार तर सुमारें १ अब्ज टन कर्ब मिसळत होता असा शास्त्रज्ञांचा एक अंदाज आहे. आज मनुष्य दरसाल सुमारें १० अब्ज टन सोडीत आहे.

गाळाच्या त्या स्तंभांत तांबड्या पट्ट्याच्या वर पांढरा रंग पुन्हा येतो, परंतु हळूहळू. तो पूर्ववत् होण्यास एक लक्षाहून अधिक वर्षें लागलीं. २५ वर्षांची एक पिढी धरली तर चार हजार पिढ्या.