उंबरठ्याच्या आत

काशीक्षेत्री गेलेला मराठी यात्रेकरू गंगेत स्नान करतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो आणि परंपरेप्रमाणे काळभैरवाच्या दर्शनासही जातो. काळभैरव हा या नगरीचा कोतवाल. त्याच्या अनुज्ञेवाचून काशीवास घडत नाही, अशी श्रद्धा आहे. या कोतवालाचे वाहन कुत्रा. त्यामुळे मंदिराच्या परिसरात वावरणाऱ्या कुत्र्यांना भाविक हाकलीत नाहीत. उलट पोळी, दूध, बिस्किटे असे काही ना काही त्यांच्यापुढे ठेवतात. अरुंद गल्लीतून संथपणे चालणारा वळू, घाटाच्या पायऱ्यांवर पहुडलेली कुत्री, सज्जांवरून उड्या घेणारी माकडे ही सारी मंडळी त्या शहराची जणू जुनी रहिवासीच होत. माणूस आणि मुके प्राणी यांच्या नात्याचा विचार करावयाचा, तर काशीसारखे दुसरे स्थळ नाही.

याच काशीतील एका कुत्रीची हकीकत २०२३ साली देशभरच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. तिचे नाव जया. जन्म रस्त्यावरचा, जात गावठी. नेदरलंडहून आलेली एक प्रवासी स्त्री शहरात हिंडत असता ही कुत्री तिच्या मागोमाग येऊ लागली. पुढे एकदा दुसऱ्या कुत्र्याने जयेवर हल्ला केला आणि एका पहारेकऱ्याने तिला सोडविले. तिला केवळ रस्त्यावरून हलवून सुरक्षित जागी ठेवावे, एवढाच त्या बाईंचा प्रथम विचार होता. परंतु अखेर त्यांनी तिला आपल्या घरी नेण्याचे ठरविले. हे काम सोपे नव्हते. भारतातून युरोपात कुत्रा न्यावयाचा तर त्याच्या कातडीखाली ओळखीची सूक्ष्म चिप बसवावी लागते. मग रेबीजची लस, लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि ती समाधानकारक ठरल्यावरही रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा. त्या बाईंना जयेसाठी सहा महिने थांबावे लागले. त्याच वर्षी मोती नावाचा काशीचा आणखी एक कुत्रा अशाच रीतीने इटलीला जाण्यास निघाला.

या बातमीचे अनेकांना कौतुक वाटले, काहींना हसूही आले. परंतु तिच्यात विचार करण्याजोगे काही आहे. ज्या नगरीत कुत्र्याला देवाचे वाहन मानतात, तेथे या कुत्रीला अन्न मिळत नव्हते असे नाही. तिला नव्हते ते घर. अन्न देणारे हात पुष्कळ होते. पण ती आजारी पडली तर रात्री जागणारे, ती दिसली नाही तर शोधावयास निघणारे कोणी एक माणूस नव्हते. दया आणि नाते यांतील अंतर ते हेच.

आपल्या जुन्या संस्कृतीने मुक्या प्राण्यांना वाटा दिला, यात संशय नाही. काशीत श्राद्धासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. तेथील श्राद्धविधीत पंचबली काढण्याची रीत आहे. गाय, कुत्रा, कावळा, देवता आणि मुंगी यांचे वाटे प्रथम निराळे काढावयाचे आणि मगच पुढचे भोजन. महाभारताच्या आरंभीच सरमा या देवशुनीची कथा येते. यज्ञातील हविर्द्रव्याला तोंड न लावलेल्या तिच्या पिल्लाला जनमेजयाच्या भावांनी मारले, आणि ती माता राजाच्या यज्ञमंडपात जाऊन जाब विचारती झाली. त्याच ग्रंथाच्या अखेरीस धर्मराज युधिष्ठिर, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवावयास नकार देतो. महाराष्ट्रात तर दत्तमूर्तीच्या पायाशी चार कुत्री बसलेली आढळतात. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे निघालेल्या एकनाथांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी ते पाणी घातले, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे.

असे असले तरी व्यवहारात कुत्र्याचा वाटा उंबरठ्याच्या बाहेर ठेवला जाई. तो अंगणात राही, राखण करी, उरलेसुरले खाई. ओटीपर्यंत त्याची मजल. माजघरात शिरला तर काठी बसे. मांजराला उंदरांसाठी आत येण्याची मुभा असे, पण तीही कामापुरती. प्राण्यांचे स्थान त्यांच्या उपयोगावरून ठरे. गेल्या काही दशकांत हे चित्र पालटले. कुत्रा अंगणातून ओटीवर, ओटीवरून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून थेट अंथरुणाशी येऊन पोहोचला. मालक हा शब्दही मागे पडू लागला असून पुष्कळ घरांत माणसे स्वतःला त्याचे आई-बाबा म्हणवितात. त्याचा वाढदिवस होतो, आजारपणात रजा घेतली जाते, आणि तो गेला म्हणजे घरात खरोखरीचे सुतक उतरते.

या बदलाची कारणे चैनीत शोधणे अन्यायाचे होईल. एकत्र कुटुंबे विभागली, घरे लहान झाली, मुले एक किंवा दोन, आणि तीही शिक्षणानोकरीसाठी दूर. काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली. अशा जुन्या वस्त्यांतील मोठाल्या घरांची दारे एकेकाळी दिवसभर उघडी असत. आज पुण्यात काय किंवा काशीत काय, अनेक घरांत दोन वृद्ध जीव आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच उरते. अशा घरी संध्याकाळी दाराशी कोणी वाट पाहत असणे, फिरावयास जाण्यासाठी कोणी पदर ओढणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ज्याच्यासाठी वेळेवर उठावे लागते असा एक जीव घरात असला, म्हणजे दिवसाला आकार येतो. २०२० सालच्या टाळेबंदीत ही गरज कित्येकांना प्रथमच तीव्रतेने जाणवली.

पण कुटुंबीय हा शब्द फार जड आहे. तो उच्चारणे सोपे, निभावणे अवघड. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते तेरा वर्षांचे. पिल्लू घरी आणताना त्याचे मऊ कान दिसतात. दहा वर्षांनंतरची अंधुक दृष्टी, लुळे पडलेले मागचे पाय आणि रात्रीचे विव्हळणे दिसत नाही. थंड देशांतील दाट केसांच्या जातींची पिल्ले हौसेने विकत घेतली जातात. काशीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पार जातो, तेव्हा त्या मुक्या जिवाची काय अवस्था होते, याचा विचार खरेदीच्या दिवशी होत नाही. आणि मग बदली होते, घर बदलते, घरात तान्हे मूल येते, आणि एके दिवशी गळ्यात पट्टा असलेला कुत्रा एखाद्या अनोळखी चौकात उतरविला जातो. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला रस्त्याची विद्या अवगत असते. घरात वाढलेल्याला तीही नसते; तो त्याच जागी बसून वाट पाहत राहतो.

कायदा या बाबतीत फारसा कठोर नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. उपासमार व तहान ओढवेल अशा स्थितीत प्राण्याला सकारण नसता टाकून देणे हा त्यान्वये गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्यास दंड किती? दहा ते पन्नास रुपये. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, कुत्र्यामांजरांना त्यांचे पालक अपत्याप्रमाणे मानीत असले, तरी ते मनुष्यप्राणी नव्हेत. म्हणून मानवी जीवित धोक्यात आणण्यासंबंधीचे कलम अशा अपघाताला लावता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच. पण त्याचा अर्थ असा की, कुटुंबीय म्हणून प्राण्याचे जे काही हक्क आहेत, ते कायद्याच्या पुस्तकात फारसे नसून माणसाच्या शब्दात आहेत. उद्योगपती रतन टाटा ऑक्टोबर २०२४ मध्ये निवर्तले. त्यांनी आपल्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या आजन्म सांभाळाची तरतूद केल्याचे वृत्त आले, तेव्हा लोकांना आश्चर्य वाटले. वस्तुतः आपल्यामागे याचे कोण करील, हा प्रश्न प्रत्येक वृद्ध पालकाने स्वतःला विचारावयास हवा. त्यासाठी संपत्ती लागत नाही. एखाद्या पुतण्याचा वा शेजाऱ्याचा होकार पुरे होतो.

आणखी एक धोका आहे. घरातला एक कुत्रा लाडका झाला, म्हणजे गल्लीतले दहा कुत्रे परके होऊ लागतात. त्यांच्याविषयीची भीती खोटी नाही. मनुष्यांना होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्याच्याच चाव्यातून होतो, लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो, आणि बळी पुष्कळदा गरिबांची मुले असतात. चावा झाल्याबरोबर जखम साबणपाण्याने धुऊन लस घेतली तर हा मृत्यू टळू शकतो. २०२३ च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत सांगितली. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे या प्रश्नावर मोठा वाद झाला. त्या वादात एका बाजूस मुलाच्या जखमेने व्यथित झालेली आई होती, तर दुसऱ्या बाजूस रोज संध्याकाळी पोळ्या घेऊन निघणारी बाई. दोघींचेही दुःख खरे आहे. ज्याला आपला कुत्रा कुटुंबीय वाटतो, त्याने निदान गल्लीतील एका कुत्र्याला लस टोचविण्याचे काम अंगावर घेतले, तर त्या दोघींमधील अंतर थोडे तरी कमी होईल.

जयेला घर मिळाले, हे चांगलेच झाले. पण काशीच्या घाटांवर तिची भावंडे अद्याप आहेत, आणि त्या सर्वांना विमानाने कोठे नेता येणार नाही. त्यांच्यासाठी पंचबलीतील वाट्याची जुनी दयाच उपयोगी पडणार. तिला आता लशीची आणि व्यवस्थेची जोड हवी. आणि जो प्राणी उंबरठ्याच्या आत घेतला, त्याच्यासाठी दया पुरेशी नाही. युधिष्ठिराने त्या कुत्र्याचे लाड केल्याचे महाभारतात कोठे सांगितलेले नाही. त्याने एवढेच केले, की शेवटच्या वळणावर त्याला टाकले नाही.